शेवटच्या पानावरची टिकली

परत आलेलं पुस्तक विजयमालाबाई आधी झटकायच्या आणि मग आणणाऱ्याकडं बघायच्या. पुस्तक उलटं धरायचं, दोन्ही पुठ्ठे फाकवायचे, जोरात झटका द्यायचा. मग पहिलं पान, मधली शिवण, शेवटचं पान. कुठं हळदीचं बोट उमटलेलं दिसलं की बाईंची नजर समोरच्याच्या हाताकडं जायची, आणि बिचारा वाचक काही केलं नसतानाही हात पाठीमागं घ्यायचा. ती नजर सोसली नाही असा एक सभासद आमच्या गावात शोधून दाखवा.

स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार? पंखा बंद पडला तर आपण म्हणतो, लाइट गेली. बाई म्हणायच्या, बटण कोणी दाबलं? नवऱ्यानं न मागता चहा करून दिला तर कप हातात घेण्याआधी विचारायच्या, "काय सांडलं?" अशी बाई वाचनालयाला मिळाली हे एका अर्थी गावाचं नशीबच. केनवडच्या बाजूचं आमचं गाव, त्यातलं हे छोटं वाचनालय. पुढं ओटा, आत दोन खोल्या, खिडकीपाशी महिलांचा कोपरा. पण बाईंच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत इथलं एक पुस्तक गहाळ झालं नाही.

तर मार्च संपता संपता ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टूम काढली. एप्रिलभर रोज ब्लॉग लिहायचा, एका दिवसाचाही खाडा नाही. महिना पुरा करील त्याला सर्टिफिकेट, आणि ज्याचा ब्लॉग सगळ्यांत चांगला त्याला नागपूरच्या मेळाव्यात बोलायला बोलावणार. बाईंच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की यात फायदा कोणाचा? त्या गप्पच बसणार होत्या. पण वाचनालयाचे सचिव भाऊसिंग हसत म्हणाले, "तुमच्याइनं नाई होणार बाई, ते शहरातल्यांचं काम." भाऊसिंगच्या सुनेनं नुकताच ग्रंथपालनाचा कोर्स केला होता. म्हणजे यांना आपली खुर्ची पाहिजे, हे बाईंनी तेव्हाच ओळखलं, आणि त्याच दुपारी ग्रुपवर नाव नोंदवलं.

विषय सोपा होता. पुस्तकं झटकून झटकून बाईंनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा भरून ठेवला होता. त्यात मोरपीस होतं, चष्म्याची दांडी होती, राखीचा धागा होता, सोयाबीनचं चपटं होऊन काचेसारखं झालेलं पान होतं, रिसोडच्या एसटीचं तिकीट होतं. रोज एक वस्तू डब्यातून काढायची, तिचा फोटो टाकायचा आणि ती कोणत्या पुस्तकात सापडली, कोणत्या पानाशी, आणि ठेवणारा माणूस कसा असेल, ते लिहायचं. आता हे काम बाईंना शिकवायला हवं का? तर्क करण्यात तर त्यांची हयात गेलेली.

लोकांना ते आवडलं. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर निवृत्त ग्रामसेवक नानाजी रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांचा चष्मा घरी राहिलाय आणि ज्यांना नुसतं बसायचंय, असे सगळे ऐकतात. आठवड्याभरात नानाजी पेपर झाला की मोबाईल काढून बाईंचा ब्लॉगही वाचायला लागले. चष्म्याची दांडी माझीच, म्हणून दोघं भांडले. बाई आत बसून ऐकायच्या. बरं वाटायचं त्यांना, खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं.

फक्त एक गोष्ट खटकत होती. रोज संध्याकाळी ब्लॉगखाली एक कमेंट यायची, बिननावाची. "आजच बी चांगल हाय बाई." ना अनुस्वार, ना विराम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. फुकट कोणी कोणाची तारीफ करत नाही. रोज तर नाहीच नाही. हा माणूस काहीतरी गोळा करून राहिलाय, आपली चूक सापडायची वाट बघतोय. असा कोण? बाईंनी भाऊसिंगवर डोळा ठेवला.

आणि मग टिकल्या सापडल्या.

महिलांच्या कोपऱ्यातली पुस्तकं कपाटात लावताना पहिली सापडली, तेव्हा बाईंनी नखानं खरवडून फेकून दिली. दुसरी सापडली तेव्हा थांबल्या. तिसरीच्या वेळी खुर्चीतून उठल्या. टिकली तीच, बारीक, गोल, गडद मरून. जागाही तीच, शेवटच्या पानाचा खालचा कोपरा. आणि खरा घोळ पुढंच होता. देवघेवीचं रजिस्टर पाहिलं तर ती पुस्तकं कोणी घरी नेलीच नव्हती. म्हणजे कोणीतरी बाई इथंच बसून वाचते, आणि जाताना कपाळावरची टिकली काढून पुस्तकात चिकटवून जाते. घरी जाताना टिकली काढायची? बाया घराबाहेर पडताना लावतात. इथं उलटंच चाललं होतं. यात पाणी मुरतंय, बाईंनी स्वतःलाच सांगितलं.

त्या दिवशीच्या ब्लॉगचं नाव होतं "टिकलीवाली कोण?"

तो जो चालला, विचारू नका. नानाजींना दोनदा वाचून दाखवावा लागला. ग्रुपवरून अमरावतीचे, यवतमाळचे ग्रंथपाल विचारू लागले, सापडली का? बाईंनी मग मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी टिकलीचा आकार, रंग, गोंद. तिसऱ्या दिवशी ती दुपारचीच येत असणार, कारण सकाळी महिलांचा कोपरा रिकामा असतो, हा तर्क. ओट्यावरचे लोक वाचनालयात शिरणाऱ्या प्रत्येक बाईच्या कपाळाकडं टक लावून बघायला लागले. दोघीतिघी शिक्षिका यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. बाईंच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. पण शिकार टप्प्यात आली की माणसाला बाकीचं रान दिसत नाही.

त्याच संध्याकाळी कमेंट आली. "बाई आता टिकलीच लिवू नका कोनाच घर मोडते."

बाईंनी ती चारचौघांसारखी वाचली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यांनी ती विजयमालाबाईंसारखी वाचली. धमकी. म्हणजे ज्याचं घर मोडतंय तोच हा. म्हणजे भाऊसिंग. म्हणजे टिकल्या त्याच्या सुनेच्या! ती इथं येऊन बसते, कामाची टेहळणी करते आणि ओळख पटू नये म्हणून रूप बदलते. टिकली काढल्यानं कोणाचं रूप बदलतं, हा प्रश्न बाईंना त्या भरात पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दार लावून त्यांनी कपाटं हलवली. शासनाचे जुने अहवाल ज्या कपाटात आहेत, तिथं वाळवीसुद्धा फिरकत नाही. त्या अहवालांमागं हात घातला आणि हाताला पाकीट लागलं. मरून टिकल्यांचं, अर्धं संपलेलं, बाजारात बांगडीवाल्याकडं मिळतं तसलं. बाईंनी जागेवरच फोटो काढला, पाकीट स्वतःच्या खणात टाकून कुलूप लावलं आणि ब्लॉग लिहिला. मुद्देमाल सापडला आहे, आरोपी उद्या दुपारपर्यंत.

सकाळी नानाजींनी ते वाचलं तेव्हा ओट्यावर नरेंद्र बसला होता. नरेंद्र म्हणजे केशरबाईंचा मोठा मुलगा. शेती सांभाळणारा, कमी बोलणारा, गावात वजन असलेला माणूस. तो कधी मध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"अहवालाचं कपाट म्हणजे कोणतं बाई? खिडकीपाशीचं?"

"हो," आतून बाई म्हणाल्या.

"तिथं कोण बसते दुपारचं?"

"तेच तर बघायचंय ना," बाई म्हणाल्या, आणि मनातल्या मनात खूश झाल्या, की लोकही आपल्यासारखा विचार करायला लागले.

दुपारी बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. अडीचच्या सुमाराला शीला आली. शीला म्हणजे केशरबाईंची धाकटी सून, नरेंद्रची भावजय. तिचा नवरा ट्रॅक्टरखाली गेला त्याला चार वर्षं झाली. ती एक दिवसाआड यायची, आठवीतल्या तिच्या मुलीचं, वैभवीचं पुस्तक बदलायला, आणि आलीच आहे तर घटकाभर खिडकीपाशी वाचत बसायची. बाईंचा या घरावर वेगळाच संशय होता. एवढी जाड पुस्तकं ती पोरगी दोन दिवसांत कशी संपवते? बाईंनी एकदा वैभवीला रस्त्यात गाठून एका गोष्टीचा शेवट विचारला होता आणि पोरगी लाल होऊन पळाली होती. पुस्तकं बहुतेक दुधाच्या पातेल्यावर झाकायला जातात, असं बाईंनी धरून ठेवलं होतं.

शीलानं पुस्तक टेबलावर ठेवलं. बाईंनी झटकलं, काही पडलं नाही. शीला नेहमीसारखी आत गेली. कपाटातून एक पुस्तक काढलं आणि सहज वाटावं अशी अहवालांच्या कपाटापाशी गेली. बाई पाहत होत्या. शीलाचा हात अहवालांमागं गेला. इकडं चाचपडला, तिकडं चाचपडला. मग तो तिथंच राहिला. ती कपाटाकडं तोंड करून, हात कोपरापर्यंत आत घालून उभी, आणि हलेचना.

मग तिनं मान वळवली. बाईंची आणि तिची नजर भेटली.

शीलाचं कपाळ मोकळं होतं. चार वर्षं ते मोकळंच होतं, आणि बाईंनी ते चार वर्षं एक दिवसाआड पाहिलं होतं. ज्या बाईला पुस्तकाच्या कोपऱ्यातली हळद दिसते, तिला हे दिसलं नव्हतं.

"वैभवीचं पुस्तक बदलायचं होतं," शीला म्हणाली.

"बदल ना," बाई म्हणाल्या.

पण तिनं काही घेतलं नाही. हातातलं पुस्तक जिथलं तिथं ठेवलं, पदर नीट केला आणि उन्हात निघून गेली. खणाला कुलूप होतं, किल्ली बाईंच्या कमरेला होती, आणि बाईंना ती किल्ली दिवसभर टोचत राहिली.

एक दिवस गेला, दुसरा गेला. शीला आली नाही. बाईंनी ब्लॉगवर राखीच्या धाग्याचं काहीतरी लिहून वेळ मारून नेली. लोक चिडले. नानाजी म्हणाले, "बाई, आरोपीचं काय झालं?" ग्रुपवर मात्र जाहीर झालं, की नागपूरला बोलायला विजयमालाबाई. टिकलीवालीचा शेवट तिथंच सांगा, अशी वर सूचना. बाईंनी आभाराचा हात जोडलेला फोटो टाकला आणि मोबाईल पालथा ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी केशरबाई आल्या. साठी उलटलेली बाई, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. वाचनालयाचा उंबरा त्यांनी पूर्वी कधी ओलांडला नव्हता. आता ही सुनेला इथं बसू दिल्याबद्दल आपल्याला फाडून खाणार, असं धरून बाई उभ्या राहिल्या.

"बसा काकू."

"बसाले नाई आली," केशरबाई म्हणाल्या आणि बसल्या. पिशवीतून वैभवीकडं राहिलेलं जुनं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. बाईंचा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच थांबला.

"झटका, झटका," केशरबाई म्हणाल्या. "काई नाई पडणार. ते उघडलंच नाई कोणं."

बाईंनी हात मागं घेतला.

"तुमाले वाटे, पोट्टी वाचत नाई तं पुस्तक कायले बदलते. मी बदलाले लावते. दोन दिस झाले का म्हणते, शीला, जाय, वैभवीचं पुस्तक बदलून आण. पोट्टी वाचो का न वाचो. तिले घरातून निंगाले काईतरी कारण पाह्यजे ना."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिवाळीच्या मागं एक दिस पाहुणे आल्ते. तिले बलवाले मी इथंवर आली. खिडकीतून पाह्यलं." केशरबाईंनी खिडकीकडं बोट केलं. "वाचत बसली होती. कपाळाले टिकली. मी हाक माराले तोंड उघडलं अन् मिटलं. हाक मारली असती तं तिनं ती ओरबाडून काढली असती. मी तशीच वापस गेली. पाहुण्याइले चहा मीच केला."

"आणि त्या कमेंट?"

"वैभवी वाचून दाखवते रोज, तुमी काय लिवलं ते. शीला तवा चुलीपाशी राह्यते, तिच्या कानावर येत नाई. मंग बोलाचं बटन दाबून देते, मी बोलते, मोबाईल लिवते. चांगलंच लिवत होत्या तुमी, म्हून चांगलं म्हणत होती. टिकलीचं आलं त्या दिशी पोट्टीले पाणी आणाले धाडलं अन् मीच बटन दाबलं. पाकीट सापडलं तवाबी शीलाले आडवता आलं नाई, काहून म्हून पुसलं असतं तिनं." त्यांनी बाईंकडं सरळ पाहिलं. "तुमाले ते समजलं नाई काय?"

बाईंना खाली बघावं लागलं. महिनाभर ज्या माणसाला त्या शत्रू समजत होत्या, तो हा होता.

"नरेंद्र काय म्हणतो?"

"तो काई म्हणत नाई, हेच तं. विचारते. ती दुपारची कुठं बसते, कोणत्या कपाटापाशी. काल म्हणे, पुस्तकं वैभवी स्वता बदलून आणन, शीलानं जायाचं काम नाई. आज ना उद्या तिलेच विचारन. अन् ती खोटं बोलणार नाई."

"पण काकू, गावानं ठराव केला तेव्हा हात वर करणाऱ्यांत नरेंद्रच पुढं होता. विधवेचं कुंकू पुसायचं नाही म्हणून. पेपरात फोटो आला होता."

"हात गावासाठी केल्ता. घरात तो ठराव आलाच नाई."

"मग तुम्ही सांगा त्याला. तुम्ही आई आहात."

केशरबाई बराच वेळ पिशवीचे बंद गुंडाळत राहिल्या. "मी काय सांगू? तिचं कुंकू पुसलं ते माह्या हातानं. माह्या सासूनं माह्यं पुसलं होतं तसंच, अंगठ्यानं, रगडून. तवा मले दुसरं काई सुचलंच नाई. आता कोणत्या तोंडानं म्हणू का लाव? म्हून न पाह्यल्यावानी करत होती. तेवढंच जमे मले. ते बी तुमी राहू देलं नाई."

त्या उठल्या. "तुमी लिवलं, तुमीच निस्तरा. अन् मी आल्ती हे शीलाले सांगू नका. मले ठाऊक हाये हे समजलं तं ती लाजन, अन् कायमचं बंद करन. आता दुसरं पुस्तक द्या. जाडंच द्या."

त्या गेल्यावर बाई टेबलाशी बसून राहिल्या. ब्लॉगवरचं सगळं पुसून टाकावं, हा पहिला विचार. पण पुसलं की नरेंद्र म्हणणार, पुसलं काहून? गप्प बसलं तर म्हणणार, गप्प काहून? संशयी माणसाचं डोकं कसं चालतं हे विजयमालाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला कोणी समजावून थांबत नाही, दमून तो थांबत नाही. आरोपी हातात पडला की थांबतो. त्याशिवाय नाही.

एप्रिलचा शेवटचा दिवस उजाडला. महिनाभर लिहून काय मिळालं, ते आज लिहायचं होतं. ग्रुपवर सकाळपासून आभारांचा पूर आला होता. कोणाला शिस्त मिळाली होती, कोणाला आत्मविश्वास. बाईंनी घरूनच लिहून टाकलं, आरशासमोर उभं राहून कपाळावरची नेहमीची मोठी लाल टिकली काढली, आदल्या दिवशी खणातून घरी आणलेल्या पाकिटातली बारीक मरून लावली आणि वाचनालयात आल्या. ओट्यावर नानाजींचा पेपर संपत आला होता. नरेंद्र होता. भाऊसिंगही आज मुद्दाम येऊन बसले होते.

नानाजींनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. "महिना पुरा झाला. महिनाभरात मला एवढं कळलं, की मी लोकांच्या वस्तू जमवल्या, पण त्यांना कधी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात काय सापडलं हे सांगत फिरणं सोपं असतं. म्हणून आज स्वतःचं सांगते. टिकलीवाली सापडली आहे. ती मीच."

नानाजी थांबले. पुन्हा तीच ओळ वाचली. मग चष्म्यावरून आत पाहिलं.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "उन्हाळ्यात घाम येतो. टिकली घसरते. दुपारी हातात असेल त्या पुस्तकाला चिकटवते, घरी जाताना नवी लावते. झालं."

"अरे बाप्पा," भाऊसिंग म्हणाले. "अन् आमाले हळदीच्या बोटासाठी लेक्चर देता बाई?"

ओटा हसला. नरेंद्र हसला नाही. "तुमी तं मोठी लाल लावता."

"आता बघा की," बाईंनी कपाळ पुढं केलं. "सकाळी तुमच्यासमोर मोठी लावते. दुपारी इथं कोणी नसतं, तेव्हा ही."

"मंग पाकीट अहवालाच्या मागं काहून ठेवलं?"

"खणात ठेवलं असतं, पण सचिवसाहेब पेन शोधायला माझा खण उघडतात. बाईमाणसानं आपलं सामान ठेवावं कुठं?"

पुन्हा हशा झाला, आता भाऊसिंगवर. नरेंद्रनं तो सरू दिला. पुढचा प्रश्न बाईंना ठाऊक होता. त्यांनीही तोच विचारला असता.

"पाकीट तुमचं, तं सापडलं म्हून फोटो काहून टाकला?"

ओट्यावरच्या माना बाईंकडं वळल्या. सगळ्यांना तो प्रश्न बरोबर वाटला.

"रोज लिहायचं होतं नरेंद्रभाऊ," बाई म्हणाल्या. "एक दिवस चुकला तर सगळं गेलं. डब्यातल्या वस्तू संपत आल्या होत्या. लोकांना गंमत वाटत होती. म्हणून चोरही मीच झाले आणि पोलीसही मीच."

"म्हणजे रचून लिवलं?"

"हो. रचून."

"मंग ते बाकीचंबी? मोरपीस, अन् ते राखीचं?"

बाईंच्या डोळ्यांसमोर तो डबा आला. त्यातली एकही वस्तू खोटी नव्हती. एकेकाचं पान त्यांना आज विचारलं तरी सांगता आलं असतं. आयुष्यात एकदाच, या महिनाभरात, लोकांनी त्यांचं काही कौतुकानं ऐकलं होतं.

"तेही समजा," बाई म्हणाल्या.

नरेंद्रनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं, मग टॉवेल खांद्यावर टाकून उठला. "काम नाई धंदा नाई," असं काहीतरी पुटपुटत ओट्यावरून उतरला आणि शेताच्या रस्त्याला लागला. नानाजींनी मोबाईल खिशात घातला. त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, की गेला महिनाभर आपण गावाला खोटं वाचून दाखवलं. ते त्या दिवशी बाईंना रामराम न करताच गेले, आणि बाईंना ते फार लागलं.

ग्रुपवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. नागपूरला दुसऱ्या कोणाला तरी बोलवायचं ठरलं. सर्टिफिकेट आलं, कारण खाडा एकही नव्हता. भाऊसिंगनी सभेत विषय काढला, बाईंना समज द्यावी असं ठरलं आणि ती दिली गेली. आता देवघेवीला आलेले लोक बाईंनी पुस्तक झटकलं की मुद्दाम म्हणतात, "टिकली पाहा बाई, टिकली." बाई ऐकून घेतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात शीला आली. हातात वैभवीचं जाड पुस्तक. ती टेबलाशी उभी राहिली, बाईंच्या कपाळावरच्या मरून टिकलीकडं बघत. काही विचारेल असं वाटलं. पण बाईंनी पुस्तक घेतलं, न झटकता बाजूला ठेवलं आणि रजिस्टरात डोकं घातलं. शीला आत गेली. अहवालांच्या कपाटाचा किर्र असा आवाज आला. पाकीट जागेवर होतं. बाईंनी मान वर केली नाही.

त्यानंतर कधीमधी केशरबाईही यायला लागल्या. शीला ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी. उन्हातून आली, घटकाभर बसते म्हणायच्या, कपाटातून एखादं चित्रांचं पुस्तक ओढायच्या आणि खिडकीपाशी बसायच्या. वाचता येत नाही त्यांना. पानं उलटायच्या. बाईंना वाटायचं, ही सुनेवर लक्ष ठेवायला तर येत नाही? मग आठवायचं, सून त्या दिवशी नसते. मग ही येते कशाला? संशय काही जात नाही माणसाचा.

परवा केशरबाई गेल्या आणि बाईंनी त्यांचं पुस्तक उचललं. पक्ष्यांच्या चित्रांचं, मोठ्या आकाराचं. सवयीनं झटकलं. काही पडलं नाही. पहिलं पान, मधली शिवण, शेवटचं पान. खालच्या कोपऱ्यात टिकली होती. बारीक, मरून, जरा तिरपी. गोंदाला एक पांढरा केस चिकटला होता.

दाराशी नानाजी चपला घालत होते. बोलणं हल्ली कमीच करायचे. तरी आज राहवलं नाही त्यांना. "काय निंगालं बाई पुस्तकातून?"

"काही नाही," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि पुस्तक तसंच मिटून कपाटात ठेवलं.